बारीक मनगटासाठी आधुनिक क्रोनोग्राफ कोणता निवडावा?

बोरीकाठ, अमळनेर

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. रोज हातात घालता येईल आणि ज्याचे स्टॉपवॉच खरोखर वापरता येईल, असे एक क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेले) घड्याळ घेण्याची इच्छा पुष्कळ दिवसांपासून मनात आहे. अडचण मनगटाची आहे. मनगटाच्या हाडाच्या मागे, जिथे घड्याळ प्रत्यक्ष बसते तिथे घेर मोजला, तर तो १५ सेंटिमीटर भरतो.

जळगावच्या दुकानांत मला दोनच टोके पाहायला मिळाली. एका बाजूला ४३-४४ मिलिमीटरची जाड घड्याळे, जी माझ्या हातावर दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतात; दुसऱ्या बाजूला ‘लेडीज’ म्हणून काढून दाखवली जाणारी, खडे बसवलेली घड्याळे, ज्यांत स्टॉपवॉच नसते किंवा तीन छोट्या तबकड्या केवळ शोभेला असतात. मला दागिना नको आहे, उपकरण हवे आहे, आणि ते हातावर शोभूनही दिसावे एवढीच अपेक्षा आहे.

सध्या साठ हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. व्यास किती असावा, ३८ की त्याहूनही कमी? यांत्रिक घड्याळ घ्यावे की सेलवर चालणारे क्वार्ट्झ? पुढेमागे पैसे साठवून घ्यावे असे एखादे चांगले घड्याळ असेल, तर तेही सांगावे. निदान डोळ्यांसमोर राहील.

पांझराकाठ, धुळे

ताई, माझे मनगटही साडेपंधरा सेंटिमीटरचेच आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे व्यासाचा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवावा. दुकानदार आणि जाहिराती तोच आकडा आधी सांगतात, परंतु घड्याळ मनगटावर मावते की नाही हे ठरते ते त्याच्या उभ्या लांबीवर, म्हणजे वरच्या पट्ट्याच्या कानापासून खालच्या पट्ट्याच्या कानापर्यंतच्या अंतरावर. या अंतराला घड्याळवाले ‘लग-टू-लग’ म्हणतात. ओमेगाचे स्पीडमास्टर प्रोफेशनल ४२ मिलिमीटरचे आहे, तर ट्यूडरचे ब्लॅक बे क्रोनो ४१ मिलिमीटरचे. पण स्पीडमास्टरची उभी लांबी ४८ च्या आत राहते आणि ट्यूडरची ५० च्या आसपास जाते. शिवाय स्पीडमास्टरच्या ४२ मध्ये चावीच्या बाजूचा फुगवटाही धरलेला आहे आणि त्याचे कान खाली वळलेले आहेत. परिणामी कागदावर मोठे असलेले घड्याळ बारीक हातावर लहान असलेल्यापेक्षा सुसह्य ठरते.

तेव्हा घेराबरोबर मनगटाची वरची रुंदीही मोजा. टेबलावर हात पालथा ठेवून पट्टीने मोजली, तर १५ सेंटिमीटर घेराच्या हातावर ती साधारण ५० ते ५४ मिलिमीटर येईल; मात्र कडेचे उतार सोडले, तर खरा सपाट भाग त्याहून बराच कमी निघतो. यानंतर जाड पुठ्ठ्याच्या ४४, ४६, ४८ आणि ५० मिलिमीटर लांबीच्या पट्ट्या कापून एकेक करून मनगटावर ठेवून पाहा. जी पट्टी कडेला अधांतरी राहू लागते, तिच्याआधीची लांबी ही आपली मर्यादा समजावी. अमळनेर काय किंवा धुळे काय, मोठी दालने जवळ नसलेल्या गावांत घड्याळ मागवण्याआधी करण्यासारखी याहून चांगली तपासणी मला ठाऊक नाही.

दुसरा आकडा जाडीचा, आणि क्रोनोग्राफच्या बाबतीत तो अधिक त्रासदायक. साध्या तीन काट्यांच्या ऑटोमॅटिक घड्याळांत वर्षानुवर्षे वापरले गेलेले ईटीए २८२४ हे यंत्र ४.६ मिलिमीटर जाड आहे, तर १९७४ पासून असंख्य क्रोनोग्राफमध्ये बसवले गेलेले व्हाल्जू ७७५० हे यंत्र ७.९ मिलिमीटर जाड आहे. स्टॉपवॉचची चाके, दांडे आणि तरफा मूळ यंत्रावर चढवायच्या, त्यात आपोआप चावी भरणारे वजनही ठेवायचे, म्हणजे जाडी वाढणारच. त्यामुळे या वर्गातील घड्याळ १४-१५ मिलिमीटरपर्यंत सहज पोहोचते, आणि त्याचा व्यास ३८ असला तर ते हातावर डबीसारखे उभे राहते. म्हणूनच ‘लहान व्यास म्हणजे लहान घड्याळ’ हे समीकरण क्रोनोग्राफला लागू पडत नाही. मला विचाराल तर ३९-४० व्यास, ४६ च्या आत लांबी आणि १३ च्या आसपास जाडी हे प्रमाण ३६ व्यास आणि १४.५ जाडीपेक्षा कितीतरी चांगले.

जाडी कुठे आहे हेही पाहावे. टॅग ह्यूअरने २०२३ मध्ये आणलेले ३९ मिलिमीटरचे काचघुमटी कॅरेरा जवळजवळ १४ मिलिमीटर जाड आहे, परंतु त्यातला मोठा वाटा फुगीर काचेचा असल्यामुळे बाजूने दिसणारी धातूची भिंत उंच वाटत नाही. याउलट घड्याळाचे केस, म्हणजे धातूचे कवच, उभ्या, सपाट भिंतीचे असले, तर तीच जाडी शर्टाच्या बाहीत किंवा पंजाबी ड्रेसच्या अस्तनीत अडकते.

लहान घड्याळ म्हणजे काहीतरी कमी, असे कुणी दुकानात सुचवले तर मनावर घेऊ नका. आपल्या वडिलांच्या पिढीने आयुष्यभर वापरलेले एचएमटी ‘जनता’ ३५ मिलिमीटरच्या आसपासचे होते, आणि १९४०-५० च्या दशकांतले पुष्कळ स्विस क्रोनोग्राफही ३५ ते ३८ मिलिमीटरचेच असत. त्या काळी ते वैमानिक, डॉक्टर आणि अभियंते कामासाठी वापरत.

आपल्या मर्यादेत माझी पहिली पसंती सेको प्रॉस्पेक्स स्पीडटाइमरच्या सोलर, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या क्वार्ट्झ मालिकेतल्या लहान घड्याळाला आहे: व्यास ३९, लांबी ४५.५, जाडी १३.३ मिलिमीटर, नीलमणी काच, १०० मीटर जलरोधकता. पैसे साठवायचे असतील, तर झेनिथचे क्रोनोमास्टर ओरिजिनल डोळ्यांसमोर ठेवा. ते ३८ मिलिमीटरचे आहे आणि त्याची लांबी ४६ च्या आसपास आहे. १९६९ मध्ये जन्मलेल्या एल प्रिमेरो यंत्राचा वारसा त्यात आहे, आणि स्टॉपवॉचचा मधला काटा १० सेकंदांत एक फेरी पूर्ण करत असल्यामुळे सेकंदाचा दहावा भाग थेट तबकडीवर वाचता येतो. भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेला याहून शोभणारे घड्याळ मला तरी सुचत नाही. किंमत मात्र काही लाखांत आहे.

जंक्शन, भुसावळ

पांझराकाठ दादांनी मापांचे सर्व सांगितलेच आहे. मी फक्त वापराबद्दल लिहितो, कारण माझे आयुष्य रेल्वेत गेले आणि क्रोनोग्राफची खरी गोडी मला रुळांवर लागली.

तबकडीच्या कडेला जी टॅकीमीटरची पट्टी असते, ती बहुतेक लोक नक्षी समजून सोडून देतात. तिचे गणित सरळ आहे: ३६०० ला लागलेल्या सेकंदांनी भागले की ताशी वेग मिळतो. विद्युतीकृत मार्गावर तारा धरणाऱ्या खांबांवर आकडे रंगवलेले असतात. वरचा आकडा किलोमीटरचा आणि खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. जळगावहून भुसावळला येताना खिडकीत बसावे, वरचा आकडा बदलला की बटण दाबावे आणि पुन्हा बदलला की थांबवावे. ३६ सेकंद लागले तर काटा १०० वर थांबतो, ४५ लागले तर ८० वर. मालगाडी असेल आणि किलोमीटरला मिनिटापेक्षा अधिक वेळ लागत असेल, तर पट्टी अपुरी पडते; अशा वेळी अर्ध्या किलोमीटरवर थांबवून मिळालेला आकडा निम्मा करावा. ताशी ४५ ने चाललेली गाडी अर्धा किलोमीटर ४० सेकंदांत काटते, पट्टी ९० दाखवते, त्याचे निम्मे ४५. विद्यार्थ्यांना सहलीला नेताना हा प्रयोग अवश्य करून घ्या.

यातून निवडीचा एक निकष निघतो. लहान घड्याळावर हीच पट्टी इतकी बारीक छापलेली असते की हलत्या गाडीत ती वाचता येत नाही. तबकडी गजबजलेली नसावी, स्टॉपवॉचचा काटा उठावदार रंगाचा असावा आणि छोट्या तबकड्यांचा रंग मुख्य तबकडीहून वेगळा असावा. पांढऱ्या तबकडीवर काळ्या छोट्या तबकड्या, म्हणजे ज्याला ‘पांडा’ म्हणतात ती रचना, या दृष्टीने उत्तम. पांढरी तबकडी घड्याळाला किंचित मोठे भासवते खरे, पण वाचनीयतेसाठी मी तेवढे स्वीकारीन.

घड्याळजी, जळगाव

आमचा घड्याळदुरुस्तीचा व्यवसाय वडिलांपासूनचा आहे. ताईंनी यांत्रिक की क्वार्ट्झ असे विचारले आहे, त्याचे उत्तर दुरुस्तीच्या टेबलावरून देतो.

आपण प्रयोगशाळेत काम करता, म्हणजे चुंबके, विद्युतचुंबके आणि लाउडस्पीकर आपल्या हाताजवळ असणार. यांत्रिक घड्याळाची केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की तिची वेटोळी एकमेकांना चिकटू लागतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटेही पुढे धावू शकते. चुंबकत्व काढता येते, त्यास वेळही फारसा लागत नाही, पण ते पुन्हा पुन्हा होत राहील. घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकात चुंबकरोधक म्हणवून घेण्यासाठी मीटरला ४८०० अँपिअर, म्हणजे सुमारे ६० गॉस, एवढ्या क्षेत्रात टिकणे अपेक्षित असते. बलवान चुंबकाला घड्याळ भिडले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. ओमेगाच्या आजच्या स्पीडमास्टरमधले ३८६१ हे यंत्र १५,००० गॉसपर्यंत टिकते, परंतु ते आपल्या सध्याच्या मर्यादेबाहेर आहे. क्वार्ट्झ घड्याळ तीव्र चुंबकाजवळ थांबू शकते, मात्र दूर नेले की सहसा पूर्ववत चालते आणि फक्त वेळ पुन्हा लावावी लागते.

दुसरे कारण देखभालीचे. यांत्रिक क्रोनोग्राफ उघडून, धुऊन, तेल देऊन पुन्हा जुळवणे हे साध्या घड्याळाच्या मानाने बरेच किचकट काम आहे. ठराविक वर्षांनी ते करावे लागते, त्यासाठी घड्याळ बहुधा मुंबईला किंवा पुण्याला पाठवावे लागते आणि खर्चही त्या मानाने येतो. स्वस्तात यांत्रिक क्रोनोग्राफ हवाच असेल, तर चीनच्या सीगलचे ३८ मिलिमीटरचे ‘१९६३’ हे रास्त घड्याळ आहे. त्यातले हाताने चावी भरायचे यंत्र स्वित्झर्लंडच्या व्हीनस १७५ वरून आलेले आहे आणि पाठीमागच्या काचेतून त्याची चाके पाहणे हा आनंद आहे. विद्यार्थ्यांना तरफा आणि चक्रे दाखवायला मी तेच निवडीन. एकमेव घड्याळ म्हणून रोज वापरायला मात्र नाही.

मोजमापाच्या दृष्टीनेही एक फरक सांगण्याजोगा आहे. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत बटण दाबल्यावर एक दातेरी चाक आडवे सरकून दुसऱ्यात अडकते. दाते नेमके जुळले नाहीत तर सुरुवातीला काटा किंचित उडी मारतो. उभ्या क्लचच्या यंत्रांत दोन चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात, म्हणून काटा शांतपणे निघतो. सोलर किंवा सेलवर चालणाऱ्या क्रोनोग्राफमध्ये स्टॉपवॉचच्या काट्याला स्वतंत्र मोटर असली, तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

खरेदीच्या वेळी दोन परीक्षा दुकानातच कराव्यात. वरचे बटण दाबून स्टॉपवॉच चालू करावे, मिनिटांचा काटा पुढे सरकतो का ते निदान एक-दोन मिनिटे थांबून पाहावे. छोट्या तबकड्या नुसत्या छापलेल्या असतील तर तिथेच कळेल. मग थांबवून खालच्या बटणाने शून्यावर आणावे आणि काटा १२ च्या रेघेवर तंतोतंत येतो का पाहावे. क्वार्ट्झमध्ये तो थोडा बाजूला थांबत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. चावी बाहेर ओढून बटणांनी तो जागेवर आणण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, आणि दुकानदाराने ते करून दिले पाहिजे. यांत्रिक घड्याळात चालू स्टॉपवॉचवर खालचे बटण दाबू नये, आणि घड्याळ पाण्यात असताना कोणतेच बटण दाबू नये. १०० मीटर लिहिलेले असले तरीही.

निवृत्त शिक्षक, शहादा

प्रश्नकर्त्या बाईंनी दोलकाचा उल्लेख केलेला नसला तरी कनिष्ठ महाविद्यालयात तो असणारच, म्हणून थोडे लिहितो. सेकंदाचा पाचवा भाग दाखवणारे घड्याळ प्रयोगासाठी अपुरे पडेल, अशी शंका कुणाच्या मनात येऊ शकते. तसे नाही. एक मीटर लांबीच्या साध्या दोलकाचा आवर्तकाल सुमारे २ सेकंद असतो, म्हणजे २० आंदोलनांना ४० सेकंद लागतात. बटण दाबणाऱ्या बोटाचीच चूक सुमारे ०.२ सेकंद धरावी लागते. त्यामुळे आवर्तकालात अर्धा टक्का आणि गुरुत्वत्वरणात, आवर्तकालाचा वर्ग येत असल्यामुळे, एक टक्का त्रुटी राहते. शंभरावा भाग दाखवणारे अंकीय स्टॉपवॉच घेतले तरी बोट तेच असते. त्रुटी कमी करायची तर आंदोलने वाढवावीत. यांत्रिक घड्याळांतही तासाला २८,८०० ठोके देणारे यंत्र आठव्या भागाच्या पावलांनी चालते आणि ३६,००० ठोके देणारे दहाव्या भागाच्या. हा फरक कारागिरीचा म्हणून कौतुकास्पद आहे, दोलकाच्या प्रयोगात त्याने उत्तर बदलत नाही.

बोरीकाठ, अमळनेर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून पाहिल्या. माझ्या मनगटाची वरची रुंदी ५१ मिलिमीटर आहे. ४६ ची पट्टी नीट बसते, ४८ ची कडेला उचलली जाते. म्हणजे ४५.५ लांबीचे सोलर सेको मर्यादेत आहे आणि चुंबकांची बाजू पाहता माझा कलही आता तिकडेच आहे. सर, दोलक तर आहेच, आणि आता २० ऐवजी ३० आंदोलने घेण्याचा नियम वर्गात लागू करते.

एकच विचारायचे राहिले. १३.३ मिलिमीटर जाडीचे घड्याळ १५ सेंटिमीटरच्या हातावर स्थिर राहण्यासाठी पट्टा कोणता घ्यावा? पोलादी पट्टा उन्हाळ्यात सोसवेल का?

पांझराकाठ, धुळे

ताई, पट्ट्याने घड्याळ अर्धे सुधारते किंवा बिघडते, त्यामुळे यावर नीट विचार करणे योग्यच आहे.

वैशाखात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा मनगट दुपारी फुगते आणि पहाटे पुन्हा बारीक होते. म्हणून पोलादी पट्टा घेतला तर त्याच्या कड्या सकाळी नव्हे, तर दुपारनंतर हात पाहून काढून घ्याव्यात, आणि पकडीत बारीक समायोजनाची भोके आहेत का हे तपासावे. बारीक हातासाठी कड्या दोन्ही बाजूंनी काढल्या पाहिजेत. एकाच बाजूने काढल्या तर पकड मनगटाच्या मध्यभागी न राहता कडेला जाते आणि जड घड्याळ बाहेरच्या बाजूला कलंडते. घड्याळाला चिकटणारी पहिली कडी खाली वाकते का हेही हातात घेऊन पाहा. ती ताठ आडवी राहत असेल, तर ४५.५ ची लांबी प्रत्यक्षात आणखी वाढल्यासारखी वाटेल आणि आपल्या ४६ च्या मर्यादेचा उपयोग होणार नाही. पोलाद उन्हात तापते हे खरे, पण घाम शोषत नाही आणि धुता येते. वर्गात आणि सावलीत काम असेल तर ते सोसवते.

कातडी पट्टा मी कार्तिकापासून माघापर्यंतच वापरतो, कारण उन्हाळ्यात तो घामाने काळा पडतो आणि वास धरतो. उन्हाळ्यासाठी रबरी किंवा दोन तुकड्यांचा नायलॉनचा पट्टा घ्या. केसच्या खालून जाणारा एकसंध नायलॉनचा पट्टा मात्र टाळा, कारण त्याचे थर पाठीखाली येऊन घड्याळ आणखी वर उचलतात, आणि इथे एकेक मिलिमीटर महत्त्वाचा आहे. या घड्याळाला २० मिलिमीटर रुंदीचा पट्टा लागतो. तो पकडीकडे १६ पर्यंत निमुळता होणारा असावा. बाजारात सर्रास मिळणारे पट्टे साधारण १२० आणि ७५ मिलिमीटर लांबीचे असतात, ते १५ सेंटिमीटरच्या हातावर शेवटच्या भोकात जाऊनही सैल राहतात आणि बक्कल कडेला येते. ‘शॉर्ट’ म्हणून वेगळे माप मागावे, १०५ किंवा ११० आणि ६५ किंवा ७० च्या जोडीत. दुकानात नसेल तर मागवून देतात.

कड्या काढून घेतल्यावर त्या आणि त्यांच्या पिना पाकिटात घालून मागून घ्यायला विसरू नका. दोन-चार वर्षांनी हात बदलला तर त्याच लागतात, आणि सुट्या कड्या नंतर मिळवणे कठीण जाते.